उन्हाळी कांद्याच्या हंगामापूर्वी पिकअप गाडीची तपासणी

आष्टी तालुक्यात रब्बीची ज्वारी निघून कडब्याच्या गंजी लागल्या, की पाठोपाठ उन्हाळी कांद्याच्या काढणीची घाई सुरू होते. आणि तो माल कड्याच्या बाजारात न्यावयाचा असो वा नगरच्या नेप्ती उपबाजारात, त्याचा मुख्य भार पिकअप गाडीवरच पडतो. नगर ते आष्टी रेल्वे २०२२ साली सुरू झाली, तथापि शेताच्या बांधावरून गोणी उचलण्याचे काम अद्याप याच गाडीकडे आहे. म्हणून काढणीस आरंभ होण्यापूर्वीच, गाडी रिकामी उभी असताना, तिची कसून तपासणी करून घ्यावी. कारण बहुतेक बिघाड अकस्मात उद्भवत नाहीत, ते आधी सूचना देतात आणि त्या सूचनेची दखल न घेतल्यामुळेच भर उन्हात, भरल्या मालासह, गाडी रस्त्यावर उभी राहते.

प्रथम रेडिएटर पाहावा. कडबा आणि भुसा वाहिलेल्या गाडीच्या रेडिएटरच्या जाळीत काडीकचरा व धूळ दाटून बसते, वारा आत शिरत नाही आणि चढावर काटा लाल खुणेकडे सरकू लागतो. ही जाळी इंजिनाच्या बाजूकडून बाहेर, पाण्याच्या मंद धारेने धुवावी. सर्व्हिसिंगच्या जोरदार फवाऱ्याने तिच्या पातळ पात्या मुडपतात. फॅन बेल्टला तडे गेले आहेत काय आणि होज पाईप दाबल्यावर मऊ वा फुगलेले लागतात काय, हेही पाहून घ्यावे. कूलंट वारंवार कमी होत असेल आणि बाहेर कोठेही गळती दिसत नसेल, किंवा डिपस्टिकवरील ऑइल दुधाळ दिसू लागले असेल, तर हेड गॅसकेटचा संशय धरून गाडी त्वरित मिस्त्रीस दाखवावी. इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण मात्र कदापि उघडू नये. आतील पाणी दाबाखाली असते आणि ते उसळून हात व चेहरा भाजतो.

ब्रेकच्या बाबतीत यत्किंचितही हयगय नको. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते, त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. आणि बालाघाटच्या उतारावर, लादलेल्या गाडीचे ब्रेक सतत दाबून धरले, म्हणजे ते ऑइल उकळून पेडल खाली बसते. दर दोन वर्षांनी ऑइल बदलावे, लायनरची झीज तपासावी, आणि ज्या गेअरमध्ये तो उतार चढलो असतो त्याच गेअरमध्ये गाडी उतरवावी; डिझेल वाचविण्याच्या लोभाने न्यूट्रल करू नये.

इंजिनाचा आवाज चढतो पण वेग वाढत नाही आणि करपल्याचा वास येतो, तेव्हा क्लच प्लेट झिजली असे समजावे. चढावर अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरण्याची सवय हेच याचे मुख्य कारण होय. तेथे हँडब्रेकचा उपयोग करावा. काळा धूर आणि ओढ कमी होणे ही बहुधा धुळीने भरलेल्या एअर फिल्टरची खूण असते, आणि बॅरलमध्ये साठविलेले डिझेल वापरणाऱ्यांनी डिझेल फिल्टरमध्ये साचलेले पाणी नियमाने काढून टाकावे.

पाट्यांची तपासणी तर गाडीखाली वाकूनच करावयास हवी. पाट्यावर आडवी गंजाची रेघ दिसली, की तेथे तडा गेल्याची शंका घ्यावी. यू-बोल्ट सैल असल्यास ते कसून घ्यावेत. टायरची हवा सकाळी, टायर थंड असतानाच मोजावी. कमी हवेचा टायर उन्हात अधिक तापतो व फुटतो. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली असेल, तर टायर बदलण्यास विलंब लावू नये.

या साऱ्या बिघाडांचे मूळ पुष्कळदा एकच असते, आणि ते म्हणजे क्षमतेबाहेरचे लादणे. दीड टन क्षमतेच्या गाडीत ५० किलोच्या ३० गोण्या हीच मर्यादा होय. त्यावर आणखी १० गोण्या चढविल्या, तर पाटे, टायर, क्लच आणि ब्रेक या सर्वांवर एकदम अर्धा टन जादा भार येतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यान्वये जादा माल वाहिल्यास २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे आणखी २,००० रुपये दंडाची तरतूद आहे; एका खेपेत वाचलेले भाडे या रकमेपुढे अगदीच किरकोळ ठरते.

तेव्हा आष्टीच्या बागायतदार बंधूंना आग्रहाची विनंती, की बियाणे व खत यांची जशी आगाऊ तजवीज करता, तसाच गाडीच्या तपासणीसाठी काढणीपूर्वीचा एक दिवस राखून ठेवा, आणि पहिली गोणी चढण्याआधी गाडी निर्दोष असल्याची स्वतः खात्री करून घ्या.