किस्सा ज्याचा, त्याला आधी विचारा

घरातले गमतीदार किस्से सांगू नयेत असं मी कधीच म्हणणार नाही. लग्नघरात रात्री गाद्या पडल्या, दिवाळीत फराळाची ताटं रिकामी झाली की कुणीतरी "त्या दिवशी काय झालं माहितेय?" म्हणतं आणि लहानथोर सगळे सरसावून बसतात. आजोबांचा तापट स्वभाव, आजीचा धाक, आईची नवी नवरी असतानाची तारांबळ, हे सगळं मला अशा गप्पांमधूनच कळलं. पण तोच एक किस्सा वर्षानुवर्षं एकाच माणसाच्या माथी मारला की त्या माणसाचं काय होतं, हे मी माझ्या सख्ख्या भावाच्या बाबतीत जवळून पाहिलं आहे. पुढे नोकरीतही पाहिलं. घरोघरी हेच चाललेलं दिसतं, म्हणून हे लिहिते आहे.

आमचं बालपण वाईत गेलं. भाऊ माझ्याहून धाकटा. तो तिसरीत असताना एका संध्याकाळी आईनं त्याला गिरणीतून दळण आणायला पाठवलं. गव्हाचा डबा सकाळीच टाकून आलो होतो. डबा डालड्याचा, पिवळा, त्यावर हिरवं झाड. तेव्हा निम्म्या गल्लीकडे तसाच डबा असायचा, म्हणून झाकणावर तेलरंगानं आडनाव लिहीत. भाऊ डबा घेऊन आला. वीज गेलेली होती. कंदिलाच्या उजेडात आईनं परातीत पीठ घेतलं, पाणी घातलं आणि मळायला लागली, तर पीठ बोटं सोडेना. तेलाचा हात लावला, आणखी पीठ घातलं, तरी गोळा होईना. कशीबशी एक पोळी लाटली, ती पोळपाटालाच धरून बसली. त्या रात्री आम्ही खिचडी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी चार घरं सोडून राहणाऱ्या काकूंच्या गच्चीवर पापडांचा घाट होता. त्यांनीही रात्री कंदिलाच्या उजेडातच पापडखार, मिरी, हिंग घालून पीठ भिजवून ठेवलेलं. सकाळी गल्लीतल्या बायका पोळपाट-लाटणी घेऊन जमल्या. पीठ कुटून कुटून हात दुखायला आले, पण पापड काही पसरेना. लाटावा तेवढा आक्रसून मागे यायचा. शेवटी एका आजींनी लाटी तोंडात टाकली आणि म्हणाल्या, "अगं बाई, ही तर कणीक आहे!" तेवढ्यात आमची आई चिकट पिठाची परात घेऊन जिना चढून वर आली. उडदाचं पीठ आमच्याकडे आणि गव्हाचं त्यांच्याकडे गेलं होतं. गच्चीवर जे हसू उसळलं ते आठवलं की आजही बरं वाटतं. काकूंनी त्या कणकेच्या मिरी-हिंगाच्या पुऱ्या तळल्या आणि गल्लीतल्या सगळ्या पोरांना खाऊ घातल्या. कुणी भावाला रागावलं नाही.

किस्सा इथं संपला असता तर किती चांगलं झालं असतं! पण मधल्या काकांनी त्याचं नाव 'पापड' ठेवलं. काका अतिशय प्रेमळ. भावाच्या पहिल्या सायकलीचे पैसे त्यांनीच दिले होते. त्यांच्या मनात काडीचाही वाईट हेतू नव्हता, आणि ही गोष्ट मी मुद्दाम सांगते आहे, कारण असे किस्से बहुतेक वेळा प्रेमाची माणसंच सांगतात. चुलत-मामे भावंडं त्याला पापड म्हणू लागली. शाळेत नाव पोचलं. मुंजीत, बारशात, डोहाळजेवणात, जिथं म्हणून चार माणसं जमतील तिथं "अरे, तो पापडांचा किस्सा सांगा ना" अशी फर्माईश व्हायची. भाऊ कोपऱ्यात बसून हसायचा. मग हळूहळू तो पाण्याचा तांब्या भरायला उठायला लागला. पुढे कार्यक्रमालाच उशिरा यायला लागला. त्याच्या लग्नाच्या स्वागत समारंभात काकांनी हाच किस्सा नव्या सोयऱ्यांना ऐकवला आणि त्याच्या सासरची पोरंही त्याला 'पापडकाका' म्हणायला लागली.

त्याची मुलगी तिसरीत गेली तेव्हा तिचं वाचन अडायला लागलं. हुशार, बोलकी पोर, पण पुस्तक समोर आलं की पोटात दुखायचं. एकदा शुद्धलेखनाची वही लाल खुणांनी भरून आली, तेव्हा तिनं विचारलं, "बाबा, मीपण पापड आहे का?"

शाळेच्या सांगण्यावरून तिची तपासणी झाली. तिला डिसलेक्सिया असल्याचं निघालं. तपासणीआधी पालकांना बरेच प्रश्न विचारतात. अक्षरं उलटसुलट होतात का, सारखी दिसणारी अक्षरं चुकतात का, फळ्यावरचं उतरवून घ्यायला वेळ लागतो का. भाऊ मुलीबद्दल उत्तरं देत होता आणि प्रत्येक उत्तर त्याला स्वतःचं वाटत होतं. त्या रात्री त्यानं मला फोन केला. "ताई, मला त्या झाकणावरचं नाव वाचता येत नव्हतं गं. आपलं आडनाव 'भ'चं, त्यांचं 'म'चं. मला दोन्ही सारखंच दिसायचं. गिरणीवाल्यानं 'हाच ना?' विचारलं, मी 'हो' म्हटलं."

म्हणजे ज्या गोष्टीवर सगळं घर इतकी वर्षं हसलं, ती एका मुलाची अडचण होती आणि ती सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती. डिसलेक्सियाचा बुद्धीशी संबंध नसतो, आणि तो बऱ्याचदा घराण्यात चालत येतो. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांमध्ये अशा अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. महाराष्ट्रात तर त्याच्या बरंच आधीपासून, 1990 च्या दशकापासून, अशा मुलांना दहावीच्या परीक्षेत जादा वेळ आणि इतर सवलती मिळत आल्या आहेत. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या ठिकाणी त्याची तपासणी होते. माझ्या भावाच्या लहानपणी यातलं फारसं काही आमच्या गावात पोचलेलं नव्हतं. आज त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, आणि कुठल्याही जुन्या पंपाची वायरिंग तो एकदा पाहून लक्षात ठेवतो. भाचीला मात्र वेळेवर मदत मिळाली. तिच्यासमोर 'पापड' हा शब्द आता कुणी काढत नाही. काकांनी स्वतः सगळ्यांना तसं बजावलं.

दुसरा अनुभव बँकेतला. सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या शाखेत मी होते तेव्हा केरळचे एक तरुण अधिकारी बदलून आले. मराठी शिकायची त्यांना फार हौस. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला स्टॅम्प पॅड दाखवत ते म्हणाले, "आजोबा, अंगठा काढून इथे ठेवा." आजोबांनी हात मागे घेतला आणि विचारलं, "काढून दिला तर खुरपं कशानं धरू, साहेब?" काउंटरच्या अलीकडचे-पलीकडचे सगळे हसले, ते दोघंही पोटभर हसले. पण मग शाखेत कुणीही आलं की, अगदी ऑडिटला आलेल्या माणसांनाही, हा किस्सा त्यांच्यादेखत ऐकवला जायचा. पुढे साहेबांनी मराठी बोलणंच सोडलं. ज्या शाखेत निम्म्याहून जास्त खातेदार अंगठा लावणारे, तिथं अधिकारी इंग्रजीत बोलायला लागला. शाखेच्या कामाचं नुकसान झालं ते झालंच, पण एक माणूस आपली भाषा शिकता शिकता थांबला, याची हळहळ मला जास्त वाटते. बदली झाल्यावर निरोपाच्या दिवशी मात्र त्यांनी स्वतः उभं राहून तोच किस्सा मराठीत सांगितला. आजोबांचा आवाज काढला, खुरपं धरल्याचा अभिनय केला. सगळी शाखा लोटपोट झाली. किस्सा तोच होता, फक्त आता तो ज्याचा होता त्याच्या तोंडून आला होता.

मराठीतल्या थोर विनोदी लेखनात ही समज पहिल्यापासून आहे. चिं. वि. जोशींचा चिमणराव घरातल्या सगळ्यांच्या गमती सांगतो, पण सगळ्यात मोठी फजिती त्याची स्वतःची असते. म्हणून काऊ, मोरू, मैना, गुंड्याभाऊ वाचकाला आपल्या घरचे वाटतात. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' 1934 पासून भागाभागानं प्रसिद्ध झाली. नवऱ्याचा तापटपणा, विक्षिप्तपणा त्यांनी मोकळेपणानं लिहिला, तसंच स्वतःचं भांडणं आणि गोंधळणंही लिहिलं. वाचताना आपण हसतो आणि टिळकांबद्दलचा आदर मात्र तसूभरही कमी होत नाही. आणि 1990 मध्ये सुनीता देशपांडे यांचं 'आहे मनोहर तरी' आलं, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राला हसवणाऱ्या लेखकाचं घर त्याच घरातल्या दुसऱ्या माणसाला कसं दिसत होतं, हे वाचकांना कळलं. घर एकच असतं, पण त्यातल्या प्रत्येकाजवळ त्याची वेगळी हकीकत असते.

आता अनुभवानं पटलेलं सांगते.

किस्सा ज्याच्यावर आहे त्याला आधी विचारा, आणि एकट्याला गाठून विचारा. चारचौघांत "सांगू का रे तुझा तो?" म्हटलं तर कुणीच 'नको' म्हणत नाही, कसनुसं हसतो. तुम्ही सांगताना तो माणूस उठून आत जात असेल, फोनमध्ये डोकं घालत असेल, तर तेच त्याचं उत्तर समजा.

सुरुवात स्वतःच्या फजितीपासून करा आणि किस्से सगळ्यांमध्ये वाटले जाऊ द्या. घरात ज्याचा आवाज लहान, त्याच्यावरच किस्से जास्त येतात. धाकटं भावंड, नवी सून, लग्न न झालेली आत्या, नोकरी गेलेला मामा. रंग, वजन, बोलण्यातलं अडखळणं, परीक्षेतले गुण, मूल नसणं, अंथरूण ओलं करणं, हे विषय हसण्यासाठी काढूच नका. नव्या सोयऱ्यांसमोर तर मुळीच नको. ती माणसं त्या मुलाला किंवा मुलीला अजून ओळखत नसतात आणि तुमचा किस्साच त्यांच्या मनात पहिली ओळख म्हणून बसतो.

एकच प्रकार वारंवार घडत असेल तर हसण्यावारी नेऊ नका. 'हाक मारली तरी ऐकत नाही' अशी ज्याची गंमत सांगितली जाते, त्या मुलाचे कान तपासून घ्या. सारखा अडखळणाऱ्या, पडणाऱ्या मुलाचे डोळे तपासा. वाचताना रोज नवं निमित्त काढणाऱ्या मुलाबद्दल शिक्षकांशी बोला. आजीनं चष्मा फ्रिजमध्ये ठेवला, आजोबा दोनदा जेवायला बसले, या गोष्टी पहिल्यांदा गमतीच्या वाटतात. पुन्हा पुन्हा व्हायला लागल्या की डॉक्टरांना दाखवा, कारण स्मृतिभ्रंशाची सुरुवात अशीही होते.

कार्यालयात आणखी जपा. तिथं समोरच्याला उठून जाता येत नाही, वरिष्ठाच्या विनोदावर हसावंच लागतं. लैंगिक शेरेबाजी गमतीनं केली म्हणून माफ होत नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात ती छळातच मोडते.

मुलांचे रडतानाचे, अंघोळीचे, चुकतानाचे व्हिडिओ कुटुंबाच्या ग्रुपवरसुद्धा टाकू नका. गच्चीवरचं हसू गच्चीवर राहायचं. फोनमधलं कुठून कुठं जाईल आणि कधी समोर येईल, ते कुणाच्याच हातात राहत नाही.

तुम्हीच त्या किश्शातले असाल, तर सांगणाऱ्याला बाजूला घेऊन एकदा स्पष्ट सांगा, "काका, हा किस्सा आता पुरे. मला त्रास होतो." प्रेमाची माणसं ऐकतात, हे मी पाहिलं आहे. आणि तुम्ही नुसते ऐकणारे असाल, तर विषय बदलण्याचं काम तुमचं. ज्याच्यावर हसतात त्याला ते जमत नाही, शेजारी बसलेल्याला सहज जमतं.

आणि किस्से लिहून ठेवा. कुणाच्या घरी, कोण कोण होतं, काय खाल्लं, नेमकं कोण काय बोललं, सगळं लिहा. मग ज्याचा किस्सा आहे त्याला वाचून दाखवा. हा लेख छापायला देण्याआधी मी भावाला फोनवर पूर्ण वाचून दाखवला. त्यानं दोन वाक्यं काढायला सांगितली, ती काढली. एका ठिकाणी त्यानं भर घातली.  विचारलं की किस्सा कमी होत नाही, उलट नेमका होतो.

येत्या दिवाळीत घरं भरतील, गप्पा रंगतील. कुणाचा किस्सा ओठांवर आला तर त्याला आधी बाजूला घेऊन 'सांगू का?' एवढं विचारा. तो 'नको' म्हणाला तर दुसरा सांगा. मराठी घरात किश्शांना तोटा नाही, आणि आपल्या माणसाहून मोलाचा असा एकही किस्सा नाही.