सातव्याची जागा कुठे?

मी दीपनगरच्या कॉलनीत वाढले. आमचं वीज केंद्र ५० हर्ट्झचं, पण ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो १०० हर्ट्झवर, कारण एका सायकलमध्ये त्याचा कोअर दोनदा ताणला जातो. (व्हायवाला हमखास विचारतात, लक्षात ठेवा.) या आवाजात १०० च्या पटीतले सूरही मिसळलेले असतात. १०० ला सा धरा. २०० आणि ४०० म्हणजे वरचे सा, ३०० आणि ६०० पंचम, ५०० गंधार. मग ७०० कोण?

२, ३ आणि ५ या मूळ संख्यांनी सा, प, ग दिले. ७ चा सूर मात्र कोमल निषादाच्याही जरा खाली पडतो. ट्रान्सफॉर्मरमध्ये तो पुसट असतो, पण जवारी चांगली लागलेल्या तानपुऱ्यात कान देऊन ऐकलं तर सापडतो.

आता पेटी. तिच्या समान सप्तकात प्रत्येक पट्टी आधीच्यापेक्षा २ च्या बाराव्या मुळाइतक्या पटीने वर असते. सा ४०० धरून कॅल्क्युलेटर दाबा: पंचम ५९९.३, गंधार ५०४, कोमल नी ७१२.७. जवळचे दोन सूर एकत्र वाजले की सेकंदाला फरकाइतके ठोके ऐकू येतात. पंचमाला एकसुद्धा पुरा नाही, गंधाराला ४, आणि सातव्याला जवळजवळ १३! आकाशवाणीने १९४० ते १९७१ पेटीला उगाच बाहेर ठेवलं नव्हतं, असं मला तरी वाटतं.

आपल्याकडे यावर काम झालंय. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल, निवृत्त डेप्युटी कलेक्टर. त्यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या मदतीने श्रुती मोजल्या आणि १९१० मध्ये बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक काढलं. पुढे ठाण्याच्या डॉ. विद्याधर ओकांनी बावीस श्रुतींची पेटीच बनवली. पण श्रुतींच्या प्रचलित तक्त्यातली गुणोत्तरं २, ३, ५ वरच थांबतात. त्यातले दोन कोमल निषाद, १६/९ आणि ९/५, म्हणजे ७११ आणि ७२०. सातवा तिथेही उपराच.

त्याला आत घ्यायचं तर सप्तकाचे भाग वाढवावे लागतात. ३१ समान भाग केले, ज्यांचं गणित हॉयगेन्सने १६९१ मध्ये मांडलं, तर गंधार ५००.२ आणि सातवा ६९९.६ येतो. झकास! पण पंचम ५९८.२ वर घसरतो, म्हणजे १२ पट्ट्यांपेक्षा वाईट. ५३ भागांत पंचम जवळपास अचूक, गंधार ४९९.६, पण सातवा ७०१.९. एकाला खुर्ची दिली की दुसऱ्याला सरकावं लागतं. मी ३१ ला मत देईन, कारण ५३ पट्ट्यांवर बोटं कोण फिरवणार? गवयाचं बरं असतं, त्याच्या गळ्याला पट्ट्याच नाहीत.

खरं वाटत नसेल तर होस्टेलच्या कॉम्प्युटरवर १०० हर्ट्झचा सॉटूथ वेव्ह लावा. त्यावर आधी ७१३ वाजवा, मग हळूहळू ७०० वर आणा. खरखर कुठे थांबते ते रूममेटलाही कळेल.