उलटं प्रश्नचिन्ह कुठे दडलंय?

प्रश्न : स्पॅनिश शिकतो आहे. वाक्याच्या सुरुवातीचं उलटं प्रश्नचिन्ह कीबोर्डवर सापडत नाही. काय करावं?

उत्तर : विंडोजवर नम लॉक चालू ठेवून ऑल्ट दाबून धरावं आणि उजवीकडच्या नंबर पॅडवर ०१९१ टाइप करावं, ¿ उमटतं. ०१६१ ने उलटं उद्गारचिन्ह ¡ मिळतं. वरच्या ओळीतले आकडे इथे चालत नाहीत, आणि बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं. मॅकवर ऑप्शन, शिफ्ट आणि प्रश्नचिन्हाची कळ. ¡ साठी ऑप्शन आणि १.

रोजच लिहायचं असेल, तर सेटिंग्जमधून स्पेनचा कीबोर्ड जोडलेला बरा. त्यात बरोबरच्या (=) चिन्हाची कळ ¡ देते, शिफ्टसह ¿.

हे चिन्ह स्पेनच्या रॉयल अकादमीने १७५४ साली लेखननियमांत आणलं. लांबलचक वाक्य प्रश्नार्थक आहे, हे वाचणाऱ्याला आधीच कळावं म्हणून. (मराठीत ‘का’ शेवटी उगवतो, तरी निभतं!) मात्र ते वाक्यारंभी नव्हे, प्रश्न सुरू होतो तिथे येतं : ‘हुआन, ¿व्येनेस?’