नाण्यावरील देवतेचे चिलखत

अमेरिकेच्या १९१६ च्या पाव डॉलरवर शिल्पकार हर्मन मॅकनील यांनी घडविलेल्या स्वातंत्र्यदेवतेचा उजवा स्तन उघडा होता. १९१७ मध्येच तिच्या अंगावर चिलखत चढले. लोकक्षोभामुळे हे घडले, असे नाणेसंग्राहक मोठ्या चवीने सांगतात. परंतु तत्कालीन कागदपत्रांत असा गदारोळ फारसा आढळत नाही. उलट, टांकसाळीने आपल्या आराखड्यात परस्पर केलेले फेरफार पाहून मॅकनील यांनीच दुरुस्तीची परवानगी मागितली होती. मग चिलखत कशासाठी? एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका महायुद्धात उतरली होती. देवता शस्त्रसज्ज दिसावी, हे कारण मला अधिक पटते. मौज अशी की, त्या जुलैच्या कायद्यात गरुडाची जागा, तारे व अक्षरे यांच्या फेरमांडणीचा उल्लेख आहे, चिलखताचा नाही.