कालव्यावरील घरे

इंग्लंडमध्ये रस्ते व लोहमार्ग यांच्या जोडीला कालव्यांचेही एक जुने जाळे आहे. अठराव्या शतकात त्या देशात गिरण्या व कारखाने वाढू लागले, तेव्हा मुख्यतः कोळसा व माल वाहून नेण्यासाठी हे कालवे खणण्यात आले. खाणीतील कोळसा मँचेस्टर शहरास पुरविणारा ब्रिजवॉटर कालवा १७६१ मध्ये सुरू झाला. पुढे जेम्स ब्रिंडली या स्थापत्यविशारदाने मध्य इंग्लंडात जे कालवे आखले, त्यांपैकी अनेकांची जलद्वारे सुमारे सात फूट रुंद होती. त्यामुळे त्यांतून जाणाऱ्या नावाही अरुंद झाल्या. त्यांची रुंदी सात फुटांहून किंचित कमी आणि लांबी सुमारे सत्तर फूट असे. काठावरून चालणारा घोडा दोराने ही नाव ओढीत नेई.

रेल्वे आल्यावर कालव्यांवरील धंद्यास उतरती कळा लागली. मजुरी परवडेना, म्हणून अनेक नावाड्यांनी आपली बायकामुले नावेवरच आणली. मालाने भरलेल्या नावेच्या टोकाशी जेमतेम दहा फूट लांबीची एक खोली असे. तीतच चूल, तेथेच निजणे आणि तेथेच मुलाबाळांचा संसार! या मुलांची दैना पाहून जॉर्ज स्मिथ नावाच्या एका गृहस्थाचे अंतःकरण द्रवले. त्याने स्वतः लहानपणी विटांच्या भट्टीवर कष्ट केले होते. त्याने नेटाने चळवळ केली आणि १८७७ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने कायदा केला. खोलीतील जागा व तीत खेळणारी हवा यांचा विचार करून, एका नावेत किती माणसांनी राहावे हे त्या कायद्यान्वये ठरविले जाऊ लागले. माणसाला अन्नाइतकीच शुद्ध हवाही हवी, हे तत्त्व त्यात मान्य झाले होते.

मोटारलॉऱ्यांची वाहतूक वाढली, १९६२-६३ च्या कडक हिवाळ्यात कालवे कित्येक आठवडे गोठून राहिले, आणि मालवाहतूक बहुतांशी संपली. परंतु नावा मात्र नाहीशा झाल्या नाहीत. आज हजारो माणसे पोलादी नावांना घर मानून त्यांत राहतात.

अशा फिरत्या घराला विजेच्या तारा कोठून जोडणार? म्हणून प्रत्येक नाव हे एक लहानसे वीजघरच असते. इंजिन चालू असताना त्याला जोडलेले जनित्र वीज निर्माण करते. छपरावरील सौर पॅनेल सूर्यप्रकाशापासून वीज देतात. ही वीज बॅटऱ्यांत साठविली जाते. इंजिन सुरू करण्याची बॅटरी वेगळी आणि घरकामाच्या बॅटऱ्या वेगळ्या ठेवतात. रात्री दिवे जळत राहून घरच्या बॅटऱ्या रित्या झाल्या, तरी सकाळी इंजिन सुरू व्हावे, हा त्यातील हेतू.

साठविलेली वीज अँपिअर-तासांत मोजतात. समजा, एका नावेतील बारा व्होल्टच्या बॅटऱ्यांची धारणाशक्ती ४०० अँपिअर-तास आहे. शिशाच्या बॅटरीतून निम्म्याहून अधिक वीज वारंवार काढली, तर तिचे आयुष्य घटते. म्हणजे हाताशी राहिले २०० अँपिअर-तास. शीतकपाटास दिवसाला ४०, सहा वॅटचे चार दिवे पाच तास लावण्यास १०, आणि पाण्याचा पंप व दूरध्वनी यांस १० धरले, तर रोजचा खर्च ६० होतो. ही शिल्लक तीन दिवस पुरेल. पण याच बॅटऱ्यांवर कोणी दोन हजार वॅटची विजेची किटली पाचच मिनिटे चालविली, तर सुमारे १४ अँपिअर-तास खर्ची पडतात. म्हणजे चारही दिव्यांच्या साऱ्या संध्याकाळपेक्षा अधिक! म्हणून जाणता नावाडी चहाचे पाणी चुलीवरच ठेवतो. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण त्याला रोज आचरावी लागते. जूनमधील दिवस सोळा तासांहून मोठा असतो, डिसेंबरमधील मात्र जेमतेम आठ तासांचा. सूर्यही क्षितिजालगत राहतो. तेव्हा इंजिन चालवावे लागते. तेही शेजारी इतर नावा असल्यास रात्री आठ ते सकाळी आठ या वेळात चालवू नये, असा नियम आहे.

विजेचा हिशेब चुकला तर अंधारात बसावे लागते. हवेचा हिशेब चुकला तर प्राणावर बेतते. हिवाळ्याच्या रात्री कोळशाची शेगडी पेटलेली असते, दाराखालच्या झरोक्यातून गार वारा पायांना झोंबतो, आणि त्यात एखादे फडके कोंबून द्यावे असा मोह होतो. पण कोळशाला पुरेशी हवा मिळाली नाही, किंवा धुराडे तुंबले, तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू खोलीत साचू लागतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील प्राणवायू वाहून नेणाऱ्या द्रव्याशी तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट जखडून बसतो. प्रथम डोके दुखते, भोवळ येते, मळमळते. आणि झोपलेला माणूस कधीकधी जागाच होत नाही. आपल्याकडेही थंडीत दारेखिडक्या लावून घेऊन शेगडी पेटती ठेवल्याने हाच धोका ओढवतो.

म्हणून नावेच्या छपरावर छत्रीच्या आकाराचे झरोके असतात आणि खाली दाराशी भोके असतात. तापलेली हवा वरून निघून जाते, ताजी हवा खालून आत येते. स्वयंपाकाचा गॅस हवेहून जड असल्याने त्याच्या टाक्यांच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारे छिद्र ठेवतात. बॅटरी भरताना निघणारा हायड्रोजन हलका, म्हणून तिच्या पेटीला वरच्या बाजूस वाट ठेवतात. श्वासातील व स्वयंपाकातील वाफ थंड पोलादावर थिजून भिंतींना बुरशी आणते. तिलाही हेच झरोके बाहेर नेतात. १ एप्रिल २०१९ पासून निवासाची सोय असलेल्या नौकांवर कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे यंत्र बसविणे आवश्यक झाले आहे, आणि दर चार वर्षांनी नावेची सुरक्षिततेसाठी तपासणी होते.

रात्री निजण्यापूर्वी नावाडी दोन गोष्टी पाहतो : बॅटरीत किती वीज उरली आहे, आणि झरोके मोकळे आहेत की नाहीत. पहिली कमी असली तर तो दिवा मालवतो. दुसऱ्या बाबतीत मात्र तो काटकसर करीत नाही. आणखी एक घोंगडी अंगावर ओढून घेतो, पण झरोका उघडाच ठेवतो.

स्वाध्याय
१. इंग्लंडमधील कालव्यांवरच्या नावा अरुंद का झाल्या?
२. १८७७ च्या कायद्याने कोणते तत्त्व मान्य केले?
३. गॅसच्या कप्प्याला छिद्र तळाशी आणि बॅटरीच्या पेटीला वाट वरच्या बाजूस का ठेवतात?
४. रोजचा खर्च ५० अँपिअर-तास असेल, तर पाठातील नावेस वीज किती दिवस पुरेल?