पडवीत वायफाय का पोचत नाही?

प्रश्न : डहाणूला चिकूच्या वाडीत आमचं जाड भिंतींचं जुनं घर आहे. फायबर १५० एमबीपीएसचं. पण स्वस्तातल्या ॲक्सेस पॉइंटवर ९० च्या वर वेग जात नाही, पडवीत तर रेंजच नाही. तलासरीला मेहुण्यांकडे हाच डबा झकास चालतो. बदलू का?

उत्तर : लगेच नको. खोक्यावरचे ‘३०० एमबीपीएस’ हवेतले, तेही कागदावरचे. केबलचं पोर्ट १०/१०० असेल तर नव्वद-पंचाण्णवच्या पुढे गाडी जाणारच नाही. त्याला गिगाबिट पोर्टचाच डबा लागतो. पण मोबाइलवर सिनेमे बघायला ९० रग्गड झाले.

पडवीचं दुखणं भिंतींचं. मेहुण्यांकडे बहुधा एवढ्या भिंती आड येत नसतील. आधी डबा टीव्हीमागून, लोखंडी कपाटाजवळून हलवून उंचावर ठेवा आणि २.४ गिगाहर्ट्झ वापरा. ५ गिगाहर्ट्झ भिंतीपाशी लवकर दम टाकतो. तरी भागलं नाही, तर घरातूनच केबल ओढून हाच डबा पडवीत ‘ॲक्सेस पॉइंट’ मोडवर लावा. रिपीटर मोडमध्ये वेग जवळपास निम्म्यावर येतो. झाडांवरून तांब्याची केबल मात्र नेऊ नका. वळवाच्या विजांत पोर्ट जळतात.

लाइट गेल्यावर चालवायला छोटा यूपीएस घ्याल, तेव्हा अडॅप्टर ९ व्होल्टचा की १२ चा, ते आधी वाचा.