मराठीतील ‘मी’ व इंग्रजीतील ‘मी’

महाराष्ट्रातील प्राथमिक शाळांत सन २००० पासून इयत्ता पहिलीपासूनच इंग्रजी शिकविले जाते. बीड जिल्ह्यातील मुलास या भाषेत लवकर जी अडचण येते ती सर्वनामांची. आणि तिचे मूळ त्याच्या मातृभाषेतच आहे. मराठीत ‘मी’ हा कर्ता असतो. इंग्रजीत मात्र तोच उच्चार ‘मला’ या अर्थी येतो. म्हणून ‘बाबा आणि मी शेतात जातो’ हे वाक्य इंग्रजीत सांगताना मूल ‘आय’च्या जागी सहज ‘मी’ घालते. हा दोष आळसाचा नसून ध्वनिसाम्याचा आहे, हे शिक्षकांनी ध्यानात घ्यावे.

उपाय सोपा आहे. मराठी वाक्यातील दुसरे नाव झाकावयास सांगावे. ‘मी शेतात जातो’ असे उरल्यास इंग्रजीत ‘आय’ घ्यावे. ‘गुरुजींनी सीतेला व मला वही दिली’ यातील सीता झाकल्यास ‘मला’ उरते. तेथे इंग्रजी ‘मी’ योग्य.

तथापि केवळ विभक्तीवर विसंबू नये. ‘मला भूक लागली आहे’ याचे इंग्रजी ‘आय अ‍ॅम हंग्री’ असेच होते. कारण तेथे इंग्रजी वाक्याचा कर्ता भूक नसून बोलणारा आहे. यास्तव इंग्रजी क्रियापदाचा कर्ता कोण, हा प्रश्न अखेरीस विचारावाच. ‘फॉर’, ‘विथ’ यांसारख्या शब्दांनंतर मात्र नेहमी ‘मी’च येते.

ऊसतोडीच्या हंगामात आईबापांसह गाव सोडणाऱ्या मुलाजवळ पुस्तक नसले, तरी तोंडी करून घेतलेली ही कसोटी त्याच्यापाशी राहते.